कपाटाचं लाकूड नंतर बघा, आधी त्यातला गोंद विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर नव्यानं सजवायचं आहे, सहा वर्षांच्या लेकीला दमा आहे, आणि दुकानात हात लावाल त्या वस्तूवर हिरवं पान छापलेलं आहे. मग रंग, कपाटं, जमीन, पडदे यांत शरीराला आणि निसर्गाला खरोखर कमी त्रास देणारं काय? शिवाय कुंड्या ठेवल्या तर हवा शुद्ध होईल का, आणि घरातलं जुनं लाकडी कपाट काढून नवं करावं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

घरांच्या आतल्या कामात मला पंचवीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात मी एका तान्ह्या बाळाची खोली केली होती. भिंतभर एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदानं दाबून केलेल्या बोर्डाची कपाटं, त्यावर चकचकीत मेलामाइन पॉलिश. खोली देखणी झाली. आठवड्यानं घरच्यांचा फोन आला, की आत गेलं की डोळे चुरचुरतात आणि बाळ रात्रभर शिंकत असतं. मी जाऊन कपाटाचं दार उघडलं, तर आत कोंडलेल्या हवेनं माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. ती खोली पुढे कित्येक आठवडे खिडक्या उघड्या टाकून रिकामी ठेवावी लागली. त्या कामात रंगसंगतीवर आणि मुठींवर मी दिवसच्या दिवस घालवले होते, पण बोर्ड कोणत्या गोंदानं बांधला आहे आणि पॉलिश कशानं सुकतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून कोणतीही वस्तू समोर आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: हे कशानं धरून ठेवलंय?

याचं कारण सांगते. सजावटीच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत एक दिसणारा भाग असतो आणि एक त्याला धरून ठेवणारा. लाकडाचा भुसा दिसतो, त्याचा बोर्ड करणारं रेझिन, म्हणजे घट्ट होणारा गोंद, दिसत नाही. भिंतीवरचा रंग दिसतो, त्यातल्या पुडीला भिंतीशी बांधणारं द्रव्य दिसत नाही. बांबूची जमीन दिसते, तिच्या पट्ट्या जोडणारा गोंद दिसत नाही. दुकानदार बोलतो तो दिसणाऱ्या भागाबद्दल. आपल्या नाकात आणि फुप्फुसात जातं ते बहुतेक वेळा दुसऱ्यातून.

कपाटांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त चौरस मीटर तीच व्यापणार आहेत. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि स्वस्त प्लायवूड यांत सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन असतं. ते झटकन घट्ट होतं, रंगहीन असतं आणि स्वस्त पडतं, म्हणून कारखान्यांना आवडतं. त्याचा दोष असा की ओलावा आणि उष्णता मिळाली की ते थोडंथोडं सुटत राहतं आणि फॉर्मल्डिहाइड वायू हवेत सोडतं. सुरुवातीला जास्त, मग कमी कमी, पण महिनोन्‌महिने. पावसाळी दमट हवेत बंद कपाटाला वास येतो तो यामुळेही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेसाठी याच संघटनेनं २०१० मध्ये दिलेली मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, तीसुद्धा अर्ध्या तासाच्या सरासरीवर.

आता बोर्डावरच्या शिक्क्याकडे या. ‘ई-१’ हा युरोपीय दर्जा. चाचणीच्या बंद पेटीतल्या हवेत फॉर्मल्डिहाइड घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. ही चाचणी २३ अंश तापमानात, ४५ टक्के आर्द्रतेत आणि पेटीतल्या हवेच्या ठरावीक प्रमाणात बोर्ड ठेवून होते. तुमच्या खोलीत उन्हाळ्यात ३५ अंश असतील आणि तीन भिंतींना कपाटं असतील, तर शिक्का तोच राहून हवा वेगळी होते. ‘ई-झिरो’ हा शब्द दुकानात फार ऐकाल. युरोपीय मानकात अशी अधिकृत पायरी नाही, उत्पादक तो आपापल्या अर्थानं वापरतात. म्हणून विचारा, कोणत्या चाचणीनुसार आणि आकडा किती? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या नियमात प्लायवूडला हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग आणि एमडीएफला ०.११ भाग अशी मर्यादा आहे. जपानी चार तारे ही त्याहून कडक खूण समजली जाते. यांपैकी काही लेखी मिळत असेल तर तो बोर्ड विचारात घ्या. दुकानदार नुसताच मान हलवत असेल तर पुढे चला.

याहून चांगला पर्याय म्हणजे फॉर्मल्डिहाइड न घालता बनवलेला बोर्ड. त्यात आयसोसायनेट जातीचं रेझिन किंवा सोयापासून केलेला गोंद असतो. तो मिळत नसेल तर उकळत्या पाण्यात टिकणारं, फिनॉलिक रेझिनचं प्लायवूड घ्या. त्याच्या पूर्ण नावातही (फिनॉल-फॉर्मल्डिहाइड) तो शब्द असतो म्हणून लोक घाबरतात, पण तो बंध इतका पक्का असतो की त्यातून सुटणारा वायू युरियावाल्या बोर्डाच्या मानानं फारच थोडा असतो. थरांमधली रेघ गडद तपकिरी दिसली तर ते बहुधा फिनॉलिक. मात्र रंग मिसळूनही ती रेघ काळपट करता येते, त्यामुळे नुसत्या रेघेवर भरवसा ठेवू नका, कागद मागा.

आणि सुताराला एक गोष्ट बजावून सांगा. पुढून लॅमिनेट, मागून उघडा बोर्ड, असं चालणार नाही. वायू बाहेर पडतो तो मुख्यतः उघड्या पाठीतून, कापलेल्या कडांमधून आणि बिजागरीसाठी पाडलेल्या भोकांतून. पाठ, खालची बाजू, कप्प्यांच्या मागच्या कडा, सगळं झाका किंवा सील करा. या कामाला एखाद-दुसरा दिवस जास्त लागतो आणि ते कुणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून नेमकं तेच टाळलं जातं. मी कपाट ताब्यात घेताना आधी मागून बघते.

भरीव लाकूड घेता आलं तर उत्तमच. त्यात गोंद कमी आणि आयुष्य मोठं. पण ते कुठल्या जंगलातून आलं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलची म्हणजे एफएससीची खूण असेल, तर जंगलापासून दुकानापर्यंतचा माग ठेवलेला असतो. ही खूण लाकडाच्या उगमाबद्दल आहे, त्यावर नंतर चढवलेल्या पॉलिशबद्दल नाही, हे विसरू नका. सगळ्या भिंती कपाटांनी भरायलाच हव्यात असंही नाही. लेकीच्या खोलीत पावडर कोटिंग केलेली लोखंडी मांडणी आणि एक मध्यम कपाट पुरत असेल, तर तेवढंच करा. पावडर कोटिंगमध्ये थिनर लागत नाही आणि ते कारखान्याच्या भट्टीतच पक्कं होऊन येतं. घरात आणायचा बोर्डच कमी केला, तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त फरक पडतो.

पॉलिशबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझी चूक तिथे मोठी होती. मेलामाइन पॉलिशमध्ये ते घट्ट होण्यासाठी आम्लाचा हार्डनर घालतात आणि सुकताना ते स्वतःच फॉर्मल्डिहाइड सोडतं. म्हणजे चांगला बोर्ड आणून त्यावर तेच फासलं, तर पहिले पाढे पंचावन्न. दोन घटकांचं पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश पूर्ण पक्कं झाल्यावर शांत असतं, पण फवारताना त्यातलं आयसोसायनेट कारागिराच्या श्वासात जातं आणि त्यानं त्याला कायमचा दमा लागू शकतो. एका मुलीचा दमा सांभाळताना दुसऱ्याच्या पदरी तो घालायचा नाही, हे मी मनाशी धरलं आहे. म्हणून घरात बसून करायचं काम असेल तर मी पाण्यावर आधारित पॉलिश, लाखेचं स्पिरिट पॉलिश किंवा जवसाच्या तेलाचं फिनिश यांतून निवडते. लाख ही कीटकापासून मिळते, अल्कोहोलमध्ये विरघळते आणि ते अल्कोहोल काही तासांत उडून जातं. मात्र गरम भांडं किंवा पाण्याचा थेंब तिला सोसत नाही, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला ती नको, कपाटाला चालेल. जवसाच्या तेलाचा धोका वेगळाच आहे. तेलानं भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते, कारण तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्या क्रियेची उष्णता बोळ्यात कोंडते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेरी पसरून वाळवा. रोज संध्याकाळी काम आटोपताना हे स्वतः बघा.

आता भिंती. दम्याच्या घरात रंगाचा डबा उघडण्याआधी ओल शोधायची. पोपडे, पिवळे डाग, कपाटामागचा काळपटपणा, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचा गारवा, हे सगळं हातानं चाचपून बघा. दम्याला ओल आणि बुरशी फार मोठ्या कारणांपैकी आहेत, आणि ओल्या भिंतीवर जगातला सर्वांत शुद्ध रंग लावला तरी काही महिन्यांत बुरशी डोकं वर काढते. बुरशीरोधक रंगानं डाग काही काळ दबतो, पण पाणी गळतच राहतं आणि वर जैवनाशक रसायन घरात येतं ते वेगळं. आधी नळ, गच्ची, खिडकीची चौकट दुरुस्त करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग रंगाऱ्याला बोलवा.

रंगाच्या डब्यावर ‘लो व्हीओसी’ असं लिहिलेलं असेल. व्हीओसी म्हणजे हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगं. युरोपीय संघात घराच्या आतल्या मॅट भिंतीच्या रंगात २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमपेक्षा जास्त व्हीओसी चालत नाही, त्यामुळे तुलनेसाठी हा आकडा डोक्यात ठेवा. तुमच्या डब्यावर आकडाच नसेल तर नुसत्या पानाच्या चित्राला किंमत देऊ नका. दुकानात मशीनवर जी छटा मिसळून देतात त्या रंगद्रावणातही व्हीओसी असू शकतात. पांढऱ्या बेसवर छापलेला आकडा गडद निळ्या मिश्रणाला लागू होईलच असं नाही. फिकट छटा घेतली तर हा प्रश्न आपोआप लहान होतो. पुट्टी आणि प्रायमरही त्याच निकषावर तपासा. रंग महागडा घेऊन खाली ऑइल प्रायमर मारलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे.

पाण्याच्या रंगांबद्दल आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण सांगतात. डब्यात सडू नयेत म्हणून त्यांत मिथाइल-आयसोथायझोलिनोन यासारखी परिरक्षकं घालतात. काही माणसांना त्यांची तीव्र ॲलर्जी येते, आणि ताज्या रंगवलेल्या खोलीत नुसतं बसूनही चेहऱ्यावर पुरळ उठू शकतं. घरात कुणाला अशी ॲलर्जी माहीत असेल, तर चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट रंग हे खरे पर्याय आहेत. चुना इतका अल्कधर्मी असतो की डब्यात त्याला परिरक्षक लागत नाही आणि ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. तो भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. (हेच वाक्य वापरून चुना विकणारे भट्टीची गोष्ट सांगत नाहीत. दगड भाजताना त्याहून जास्त वायू बाहेर पडलेला असतो. तरी भिंत श्वास घेते, ओल अडकत नाही, हा फायदा पक्का आहे.) सिलिकेट रंग आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये पेटंट केला. तो भिंतीवर पापुद्रा न धरता तिच्या खनिजांशीच जोडला जातो आणि दशकानुदशकं टिकतो.

अडचण एवढीच की हे दोन्ही रंग जुन्या इमल्शनवर, म्हणजे नेहमीच्या पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक रंगावर, नीट बसत नाहीत. त्यांना उघडं चुन्याचं किंवा सिमेंटचं प्लास्टर लागतं. तुमच्या भिंतींवर आधीचे इमल्शनचे थर असतील तर ते सगळे खरवडण्याची धूळ आणि खर्च खरंच परवडणार आहे का, याचा विचार करा. बहुतेक अशा घरांत मी कमी व्हीओसीचा साधा मॅट इमल्शनच सुचवते. चुना लावताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून उघड्या डोळ्यांनी छत रंगवणाऱ्याच्या बुबुळाला तो भाजू शकतो.

नैसर्गिक या शब्दाबद्दल तुम्ही सावध राहावं, असं मला मनापासून वाटतं. संत्र्याच्या सालीचा थिनर सुगंधी असतो, पण त्यातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी भेटलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं. पाइनच्या चिकापासून केलेलं टर्पेंटाइनही श्वासनलिकेला झोंबतं. दम्याच्या मुलीसाठी सुगंध हा गुण धरूच नका, मग तो रंगाचा असो, मेणबत्तीचा असो की फवाऱ्याचा.

जमिनीबाबत माझा सल्ला छोटा आहे. चांगली फरशी असेल तर तिला हात लावू नका. फरशी हवेत काही सोडत नाही, ओल्या फडक्यानं पुसता येते, आणि तिची किंमत निसर्गानं आधीच मोजलेली आहे. बदलायचीच असेल तर व्हिनाइलऐवजी खरं लिनोलियम किंवा कॉर्क बघा. लोक व्हिनाइल आणि लिनोलियम यांना एकच समजतात, पण व्हिनाइल हे पीव्हीसी, आणि त्याला मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं वापरत आले आहेत. युरोपीय संघानं यांतल्या चार थॅलेटवर २०२० पासून कडक बंधन आणलं. लिनोलियम जवसाचं तेल, राळ, लाकडाचा भुसा आणि तागाचं कापड यांचं बनतं. नवं असताना त्यालाही तेलकट वास येतो, तेव्हा तुमच्या लेकीला आधी तुकडा हुंगू द्या. कॉर्कसाठी झाड तोडावं लागत नाही, साल दर नऊ वर्षांनी काढतात. बांबू झपाट्यानं वाढतो हे खरं, पण जमिनीच्या पट्टीत तो गोंदानं दाबलेला असतो, म्हणजे पुन्हा बोर्डाचेच प्रश्न विचारायचे. जे काही घ्याल ते खाचेत बसणारं घ्या, जमिनीवर गोंद फासून चिकटवायचं नको. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा मात्र दमा असलेल्या घरात नकोच, धुळीतले किडे त्यात सुखानं राहतात.

पडदे आणि आच्छादनं जाडजूड नकोत, मशीनमध्ये धुता येतील अशीच घ्या आणि टांगण्याआधी एकदा धुवा. ‘डाग न धरणारं’ कापड टाळा, तो गुण बऱ्याचदा फ्लोरिनयुक्त रसायनांमुळे येतो आणि ती रसायनं निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. ओइको-टेक्स १०० ही खूण तयार कापडात घातक द्रव्यं ठरावीक मर्यादेच्या वर नाहीत एवढं सांगते, शेत आणि रंगशाळा कशी होती हे सांगत नाही. ते हवं असेल तर गॉट्सची, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाची, खूण बघा. आणि ‘बांबूचं रेशमी कापड’ म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस. बांबू रसायनात विरघळवून त्याचा धागा काढलेला असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००९ मध्ये अशा दाव्यांवर कारवाई केली होती.

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी कुणी कृत्रिम क्वार्ट्झ सुचवेल. घरात बसवल्यावर तो तुम्हाला काही करणार नाही. पण त्यात स्फटिकी सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते, आणि तो कोरडा कापताना उडणाऱ्या धुळीनं तरुण कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदी घातली ती याच कारणानं. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असते, पण बरीच कमी. काहीही घेतलंत तरी घरात कोरडं कापू देऊ नका, पाणी मारूनच कापायला सांगा.

कुंड्यांबद्दल तुमची निराशा करावी लागतेय. १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून ही समजूत पसरली, पण तो प्रयोग लहान बंद पेट्यांत झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचे आकडे खऱ्या घराला लावून पाहिले, तेव्हा सामान्य वायुवीजनाची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. झाडं आवडतात म्हणून जरूर ठेवा, पण माती सतत ओली राहू देऊ नका. हवेचं काम समोरासमोरच्या दोन खिडक्या करतील. काम अशा वेळी काढा, की रंग आणि पॉलिश संपल्यावर लेकीची खोली निदान तीन-चार आठवडे उघडी राहील. त्या काळात कपाटांची दारं आणि खणही उघडे ठेवा. नंतर एक दिवस खोली पूर्ण बंद ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः आत जा. डोळे किंवा घसा जराही बोलला तर आणखी थांबा.

जुनं कपाट ठेवा. त्यातले वायू कधीच उडून गेले आहेत आणि त्यासाठी नवं झाड पडणार नाही. फक्त ते रंगवलेलं असेल तर खरवडण्याआधी शिशाची चाचणी करून घ्या. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, कित्येक देशांत त्याहून फार उशिरा, आणि मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही. शिसं निघालं तर कोरडा पॉलिश पेपर आणि हीटगन दोन्ही वर्ज्य. रंग कुठेच उडत नसेल आणि मूल तिथे चावत किंवा खरडत नसेल, तर वरून नवा थर देऊन तो बंद करता येतो. उडत असेल तर हे काम जाणकाराकडे, घराबाहेर आणि ओलं करूनच होऊ द्या, आणि तेव्हा मुलीला तिथे नेऊ नका. साधं पॉलिशचं लाकूड असेल तर बिजागऱ्या बदला, आतून ओल्या फडक्यानं पुसून उन्हात वाळवा आणि बाहेरून लाखेचा एक हात द्या. एवढं पुरेल.